शुक्राणू शून्य, एफएसएच 0.5: आशा वाढवणारा एक अहवाल

वीर्यतपासणीच्या कागदावर ‘शुक्राणू आढळले नाहीत’ असे छापून आले की घरात सुतकच पडते. पण शून्य शुक्राणूंचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. एकात कारखानाच बिघडलेला असतो. दुसऱ्यात कारखाना शाबूत असतो, फक्त वरून हुकूम येत नाही. हा हुकूम म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणाला पाठवते ती संप्रेरके, आणि एफएसएच हे त्यांतले एक. रक्तातल्या एफएसएचचा आकडा यातला कोणता प्रकार आहे ते सांगतो, आणि इथे बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो. वाढलेला एफएसएच ही चिंतेची बाब असते. अगदी तळाला गेलेला एफएसएच मात्र औषधाने बऱ्याचदा भरून काढता येतो.

खालचे प्रकरण कुणा एका रुग्णाचे नाही. वरून हुकूम न येणाऱ्या ‘कालमन सिंड्रोम’ या जन्मजात आजारात वारंवार दिसणारी लक्षणे, आकडे आणि चुका एकत्र करून ते प्रातिनिधिक म्हणून मांडले आहे. एकेक संप्रेरक बाहेरून चढवत गेले की कोण काय काम करते ते या आजारात सुटे सुटे दिसते. निरोगी पुरुषात सगळे एकाच वेळी चालू असल्याने ते असे वेगळे काढता येत नाही.

आले तेव्हाची स्थिती

नवरा 29 वर्षांचा, बायको 26 ची, लग्नाला तीन वर्षे झालेली. तीन वर्षांत बायकोच्या नळ्यांची तपासणी झाली, दुर्बिणीतून पाहून झाले, अंडी वाढवण्याच्या गोळ्यांची चार-पाच आवर्तने झाली. सगळे व्यवस्थित निघाले. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र तिसऱ्या वर्षी झाली. खर्चाने सर्वांत स्वस्त आणि त्रासाने सर्वांत कमी असलेली तपासणी सगळ्यात शेवटी करायची, हा आपल्याकडचा रिवाज अजून मोडलेला नाही.

अहवालात वीर्य 2.2 मिलि, शुक्राणू शून्य. दुसऱ्यांदा केली तरी तेच. त्यावर दोन सल्ले मिळाले होते: वृषणाचा तुकडा काढून तपासा, नाहीतर दात्याचे शुक्राणू वापरा. रक्तातला एफएसएच तोवर कुणीच पाहिला नव्हता.

सोबत आलेल्या आईचा प्रश्न रास्त होता. “डॉक्टरसाहेब, त्याला दाढी येते, आवाज फुटलाय, मग दोष त्याच्यात कसा असेल?” दाढी आणि आवाज विसाव्या वर्षानंतरचे, आणि तेही इंजेक्शनचे. वयात येत नाही म्हणून तेव्हा टेस्टोस्टेरॉनची 250 मिग्रॅची तेलकट सुई दर तीन आठवड्यांनी सुरू झाली होती, ती नऊ वर्षे चालली. दाढी, आवाज, स्नायू, संबंधाची क्षमता, सगळे त्या सुईने दिले. मूल हवे असेल तेव्हा ही सुई बंद करून दुसरे उपचार लागतील, हे मात्र कुणी सांगितले नव्हते.

वीर्य 2.2 मिलि असूनही शुक्राणू शून्य कसे, हाही गोंधळ तिथेच सुटतो. वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशयातून आणि प्रोस्टेटमधून येतो, वृषणाचा वाटा पाच टक्क्यांच्या आतच असतो. या दोन्ही ग्रंथींना रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरते. म्हणून द्रव भरपूर आणि आत काहीच नाही, असे चित्र दिसते.

तपासणीत काय सापडले

उंची 176 सेंमी, हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर 185. पाच सेंमीहून जास्त फरक म्हणजे हाडांची टोके उशिरा बंद झाली, अर्थात वयात येणे लांबले. वृषणांचे आकारमान मण्यांच्या माळेने मोजले. प्रादरच्या ऑर्किडोमीटरमध्ये 1 ते 25 मिलिचे बारा मणी असतात. एका हातात माळ धरून दुसऱ्या हाताने चाचपत जुळणारा मणी शोधायचा. प्रौढ पुरुषात 15 ते 25 चे मणी जुळतात. इथे उजवीकडे 4, डावीकडे 3. वृषणाचा बहुतांश भाग शुक्रजनक नलिकांनी व्यापलेला असल्याने माळेतला मणी हा शुक्राणूनिर्मितीचा ढोबळ मापकच असतो. दोन्ही वृषणे जन्मापासून खाली उतरलेली होती. हे सुदैव, कारण लहानपणी वृषण पोटात अडकलेले असेल तर पुढच्या उपचारांचा प्रतिसाद बराच कमी होतो.

मग वासाचा प्रश्न. “वास येतो का?” असे विचारले की असे रुग्ण बहुधा “येतो की” म्हणतात. बाम, नीलगिरी, अमोनिया यांची झणझण वेगळ्या मज्जातंतूने जाते, ती त्यांना जाणवते, आणि तिलाच ते वास समजतात. म्हणून डोळे मिटायला लावून कॉफी पूड, साबण, हिंग नाकापाशी धरायचे. तिन्ही ओळखता आले नाहीत. दूध नासलेले घोटभर प्याल्यावर कळते, शेगडी उघडी राहिली तर बायको ओरडते तेव्हा कळते. (अशा घरात गॅसगळतीचा अलार्म लावायला सांगणे हा उपचाराचाच भाग धरावा.)

सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड जन्मतःच नाही. एका हाताची मूठ उघडमीट करायला सांगितली की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत हलतात. आईकडून आणखी एक धागा मिळाला: रुग्णाच्या मामाला दाढी-मिशी कधी आलीच नाही आणि त्याने लग्नही केले नाही.

वास नाही, वयात येणे नाही, एक मूत्रपिंड नाही, एका हातासोबत दुसरा नकळत हलतो, मामाला तसेच. हे कालमन सिंड्रोम. फ्रान्झ कालमन यांनी 1944 मध्ये काही कुटुंबांतली अशी उदाहरणे नोंदवली. वास आणि वयात येणे यांचा संबंध वरवर विचित्र वाटतो, पण गर्भात तो सरळ आहे. वृषणाला हुकूम देणाऱ्या साखळीची सुरुवात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या जेमतेम एक-दोन हजार पेशींपासून होते. त्या पेशी जन्मतात मात्र नाकाच्या कळीत. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास वासाच्या तंतूंचा आधार घेत त्या मेंदूत चढतात. तंतू तयारच झाले नाहीत तर पेशी वाटेतच अडकतात. या वाटेला लागणारे एक प्रथिन एएनओएस1 जनुक बनवते, ते एक्स गुणसूत्रावर असते आणि त्याचा मूत्रपिंडाच्या घडणीशीही संबंध आहे.

रक्ततपासणीची वेळ

टेस्टोस्टेरॉनची सुई चालू असताना एफएसएच आणि त्याच्या जोडीचे पिट्युटरीचे दुसरे संप्रेरक एलएच तपासण्यात अर्थ नाही. बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूला ‘पुरेसे आहे’ असे कळवते आणि निरोगी पुरुषाचेही दोन्ही आकडे तळाला जातात. म्हणून शेवटच्या सुईनंतर आठ आठवडे थांबून सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी रक्त घेतले. टेस्टोस्टेरॉन 38 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर (प्रौढात साधारण 300 च्या वर), एलएच 0.3, एफएसएच 0.5. टेस्टोस्टेरॉन इतके खाली असताना निरोगी पिट्युटरीने एलएच पंधरा-वीसच्या पुढे नेला असता. इथे ती गप्प आहे, म्हणजे बिघाड वरचा.

क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये (पुरुषात एक्स गुणसूत्र जादा असते तेव्हा) याच्या उलट दिसते: वृषण तितकेच लहान, पण एफएसएच पंचवीस-तीसच्या पुढे. मालकाने ओरडून घसा फोडला तरी कारखाना हलत नाही, अशी ती अवस्था. तिथे एफएसएचची इंजेक्शने देणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

प्रोलॅक्टिन, थायरॉईड, सकाळचे कॉर्टिसोल, फेरिटिन ठीक होते. प्रोलॅक्टिनची गाठ किंवा शरीरात साठलेले लोह हीदेखील अशा चित्राची कारणे असू शकतात, म्हणून या चार तपासण्या टाळू नयेत. एमआरआयमध्ये पिट्युटरी नीट, वासाचे कंद मात्र दोन्ही बाजूंना नाहीत. गुणसूत्रे 46 एक्सवाय, म्हणजे पुरुषाची नेहमीची. हाडांची घनता कमी निघाली, त्यासाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले.

वृषणाच्या तुकड्याची तपासणी केली नाही. झोपलेल्या वृषणात अविकसित पेशी दिसतील हे आधीच ठाऊक असते, आणि 3 मिलिच्या वृषणातून तुकडा काढणे परवडणारे नाही.

रक्तातले टेस्टोस्टेरॉन आणि वृषणातले टेस्टोस्टेरॉन

या आजाराबद्दलचा गोंधळ एका गोष्टीपाशी येऊन थांबतो, म्हणून ती नीट पाहू.

हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचे दहा अमिनो आम्लांचे छोटे संप्रेरक सोडतो. सतत नव्हे, तर साधारण दीड-दोन तासांनी एक ठोका, असा. ही ठोक्यांची लय महत्त्वाची आहे. अर्न्स्ट नोबिल यांनी 1970 च्या दशकात माकडांवर दाखवले की तासाला एक ठोका दिला तर पिट्युटरी जागी होते आणि तेच संप्रेरक अखंड दिले तर ती झोपते. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन पाडण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात.

ठोका मिळाला की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते. एलएच जाते नलिकांच्या मधल्या जागेतल्या लायडिग पेशींकडे, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएच जाते नलिकांच्या आतल्या सर्टोली पेशींकडे. वाढत्या शुक्राणूंना कडेवर घेऊन पोसणाऱ्या पेशी त्याच. गमतीची गोष्ट अशी की खुद्द शुक्राणू बनणाऱ्या पेशींना ना टेस्टोस्टेरॉन कळते ना एफएसएच. दोन्ही निरोप सर्टोली पेशी घेतात आणि पुढचे काम त्याच करतात.

आता मुद्दा. लायडिग पेशी नलिकांना अगदी खेटून असल्याने वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्ताच्या सुमारे 50 ते 100 पट असते. सर्टोली पेशींना अर्धसूत्री विभाजन पूर्ण करून घ्यायला, गोल शुक्रपेशींना धरून ठेवायला आणि शेपटी फुटलेला शुक्राणू वेळेवर सोडायला ही आतली पातळी लागते. दंडात सुई देऊन रक्तातले टेस्टोस्टेरॉन 600 वर नेले तरी वृषणात 600 च पोहोचणार. शिवाय ज्याची पिट्युटरी चालू आहे त्याची ती या सुईने बंद पडते आणि आतला साठा आटतो. निरोगी तरुणांना आठवड्याला 200 मिग्रॅ टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिल्यावर वृषणातले टेस्टोस्टेरॉन 94 टक्क्यांनी घसरले, असे 2005 च्या एका अभ्यासात मोजले गेले. त्याच तरुणांपैकी काहींना सोबत एक दिवसाआड 500 युनिट एचसीजी (एलएचचे काम करणारे संप्रेरक) दिले, तेव्हा आतली पातळी राखली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या सुमारास हेच इंजेक्शन पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासले होते. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी ते घेणाऱ्या पोरांनी एवढे वाचले तरी पुष्कळ झाले.

या रुग्णाची नऊ वर्षे अशी गेली: बाहेर पुरुष, वृषणात मात्र आठ-दहा वर्षांचा मुलगा. तरी त्या सुईने कायमचे नुकसान बहुधा होत नाही, कारखाना फक्त सुरूच झालेला नसतो.

उपचार: आधी एलएचचे काम

जीएनआरएचच ठोक्यांनी द्यायचा पंप असतो, पण तो महिनोन्‌महिने अंगावर बाळगावा लागतो आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून एक पायरी खाली उतरून थेट एलएच आणि एफएसएचची जागा भरतात. एलएच म्हणून एचसीजी वापरतात. ते गरोदर स्त्रियांच्या लघवीतून मिळते आणि पेशीवरच्या एलएचच्याच कुलुपात बसते. एलएच रक्तातून तासाभरात निम्मे होते, एचसीजीला दीड दिवस लागतो. म्हणून आठवड्यातून तीन सुया पुरतात.

सुरुवात 1500 युनिट, सोमवार-बुधवार-शुक्रवार, पोटाच्या कातडीखाली. कुपीत 5000 युनिट कोरडी पावडर असते. जंतुरोधक पाणी 2.5 मिलि घालून, न हलवता, हातात हळू फिरवून विरघळवायची. मग 1 मिलित 2000 युनिट, म्हणजे 1500 साठी 0.75 मिलि. कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवून आठवड्यात संपवायची. तीन सुयांत ती जवळजवळ संपतेच. टेस्टोस्टेरॉनची सुई पूर्ण बंद.

वृषण 4 मिलिहून लहान असतील तर आधी काही महिने फक्त एफएसएच द्यावे, असा एक विचार आहे. सर्टोली पेशी वयात येईपर्यंतच वाढतात. वृषणातले टेस्टोस्टेरॉन चढले की त्या प्रौढ होतात आणि संख्या कायमची ठरते. एक सर्टोली पेशी ठरावीक शुक्राणूच पोसू शकते, त्यामुळे ही संख्या म्हणजे पुढच्या उत्पादनाची कमाल मर्यादा. निरोगी बाळात जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एलएच-एफएसएच थोडे वर येतात आणि सर्टोली पेशींची एक तुकडी वाढते. कालमनमध्ये ही फेरीच चुकलेली असते. आधी एफएसएच देऊन ती भरपाई करण्याची कल्पना तर्काला धरून आहे आणि छोट्या अभ्यासांत निकालही चांगले आले. पण खर्च चार महिन्यांनी वाढतो. इथे वृषण सीमारेषेवर होते, कुटुंबाची ऐपत बेताची होती, म्हणून नेहमीच्या क्रमाने गेलो. वृषण 1-2 मिलिचे असते तर निर्णय वेगळा घेतला असता.

महिन्यानंतर टेस्टोस्टेरॉन 120, तिसऱ्या महिन्याला 310. रक्त पुढच्या सुईच्या आधी घ्यायचे, नाहीतर फुगलेला आकडा मिळतो. वृषण 5 आणि 4. छातीत थोडी दुखरी गाठ आली, कारण एचसीजीने वृषणातच टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरही वाढते. इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) किंचित जास्त होते, डोस न वाढवता थांबलो आणि ती गाठ बसली. वीर्य 1.6 मिलि, शुक्राणू शून्य. शून्यच अपेक्षित होते. ज्यांच्यात थोडे एफएसएच मुळात असते आणि वृषण मोठे असतात, त्यांच्यात एकट्या एचसीजीने शुक्राणू येतात. एलएच नाही पण एफएसएच ठीक आहे, अशा दुर्मिळ पुरुषांना पूर्वी ‘प्रजननक्षम षंढ’ असे चमत्कारिक नाव होते. त्यांना एचसीजीच पुरते. इथे एफएसएच 0.5.

जाता जाता: या काळात रुग्णाचे रक्त बीटा-एचसीजीसाठी गेले तर अहवाल वाढलेला येईल आणि कुणीतरी वृषणाच्या गाठीची शंका काढून बसेल. उपचार चालू असल्याची चिठ्ठी रुग्णाजवळ असू द्यावी.

एफएसएचची भर, आणि सिरिंजने केलेला घोळ

चौथ्या महिन्यात एचएमजी 150 युनिट आठवड्यातून तीनदा जोडले. त्यात एफएसएच असते, आणि ते पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढतात. 1950-60 च्या दशकात इटलीत ही लघवी मठांतल्या वयस्क नन्सकडून गोळा होई. प्रयोगशाळेत बनवलेले शुद्ध एफएसएचही मिळते, ते महाग. या कामात एचएमजीहून ठळक सरस ठरलेले नाही.

एफएसएच पुरुषात कितपत अपरिहार्य, यावर जुना वाद आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मुदगल यांच्या गटाने माकडांना एफएसएचविरुद्ध लस देऊन त्यांचे शुक्राणू घटवून दाखवले होते. उलट फिनलंडमध्ये 1997 मध्ये एफएसएचचे कुलूपच बिघडलेले पुरुष सापडले. त्यांच्यात शुक्राणू कमी होते, पण शून्य नव्हते, काहींना मुलेही झाली होती. व्यवहारापुरता निष्कर्ष असा काढता येतो: टेस्टोस्टेरॉनशिवाय शुक्राणू पूर्ण होत नाही, एफएसएचशिवाय पुरेसे होत नाहीत. आणि जन्मापासून एफएसएच न मिळालेले वृषण सुरू करायला तर ते लागतेच.

पाचव्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन 405. सातव्यात एकदम 140. सुया चुकल्या नव्हत्या, कुपी नवी, फ्रिज ठीक. प्रतिपिंडे तयार झाली की काय, अशीही शंका आली. तसे क्वचित होते. मग सिरिंज मागवून पाहिली. आधी लाल टोपणाची यू-40 सिरिंज होती, तिच्यावर 0.75 मिलि म्हणजे 30 ची रेघ, आणि ‘30 पर्यंत भरा’ असेच चिठ्ठीवर लिहून दिले होते. गावातल्या दुकानात ती संपली म्हणून नारिंगी टोपणाची यू-100 मिळाली. तिच्यावर 30 ची रेघ म्हणजे 0.30 मिलि, म्हणजे 600 युनिट. दीड-दोन महिने तो 40 टक्के डोसवर होता.

इन्सुलिनमध्ये हा घोळ सगळ्यांना माहीत असतो, पण एचसीजी देताना तो कुणाच्या डोक्यात येत नाही. चिठ्ठीवर रेघ न लिहिता ‘0.75 मिलि’ लिहावे आणि साधी 1 मिलिची सिरिंज द्यावी.

दोन महिन्यांच्या चुकीची किंमत दोन महिने नसते. मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि नंतर अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीतून) पार पडायला दहा-चौदा दिवस. एकूण तीन महिने धरा. आतले टेस्टोस्टेरॉन मध्येच पडले तर गोल शुक्रपेशी सर्टोली पेशींवरून सुटून गळतात आणि त्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. याच कारणाने डोस बदलल्यावर महिन्याने वीर्य तपासणे निरर्थक आहे. या काळात तपासणी दर तीन महिन्यांनी पुरे, दर महिन्याचे शून्य फक्त नवरा-बायकोचे मन खाते.

सूक्ष्मदर्शकाखाली

नवव्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन 420, वृषण 8 आणि 7. साध्या स्लाइडवर काही नाही. अकराव्या महिन्यातही साध्या स्लाइडवर शून्यच दिसले, पण नमुना 3000 जी (गुरुत्वाच्या 3000 पट) जोराने पंधरा मिनिटे फिरवून तळाचा गाळ पाहिला. त्यात चार शुक्राणू होते. तीन निपचित, चौथा शेपटी वळवळवत जागच्या जागी. शून्य लिहिण्याआधी गाळ पाहिलाच पाहिजे. गल्लीतल्या किती प्रयोगशाळा तो पाहतात हे तिथे विचारूनच नमुना द्यावा. नमुना आधी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळून, शक्यतो प्रयोगशाळेतच द्यायचा, आणि पहिला थेंब सांडू द्यायचा नाही, शुक्राणू त्यातच जास्त असतात.

तेराव्या महिन्यात मिलिमागे 4 लाख. त्याच आठवड्यात नमुना गोठवून ठेवला. थोडे आहेत म्हणून गोठवणे पुढे ढकलू नये, एक ताप किंवा औषधाचा तुटवडा आला तर पुन्हा तीन महिने जातात. सोळाव्या महिन्यात मिलिमागे 38 लाख, हालचाल 41 टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आवृत्तीत खालची मर्यादा मिलिमागे 1.6 कोटी आहे. त्या हिशेबाने हा अहवाल वाईटच. पण ती मर्यादा इतर पुरुषांवरून काढलेली आहे. अशा उपचारात असलेल्यांचे शुक्राणू मोजायला कमी आणि कामाला चांगले असतात. मिलिमागे दहा-वीस लाखांवरही नैसर्गिक गर्भधारणा होतात. एका मोठ्या मालिकेत पहिला शुक्राणू दिसायला मधला काळ सात महिने आणि गर्भधारणेला अठ्ठावीस महिने लागला होता. हे आकडे पहिल्याच भेटीत सांगायला हवेत, नाहीतर सहाव्या महिन्यात रुग्ण उपचार सोडून जातो. शुक्राणू अजिबातच न येणारेही साधारण पाचात एक असतात, तेही तेव्हाच सांगावे.

बायको 26 ची आणि तिचे सगळे नीट, म्हणून टेस्ट ट्यूबची घाई केली नाही. ती 36 ची असती तर गाळात सापडलेल्या पहिल्या शुक्राणूंवरच इक्सीचा (एकेक शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडण्याचा) मार्ग घेतला असता. एकोणिसाव्या महिन्यात तिची पाळी चुकली.

नंतरचे

गर्भ बारा आठवड्यांचा होईपर्यंत दोन्ही सुया चालू ठेवल्या आणि त्या काळात आणखी नमुने गोठवले. मग महागडे एचएमजी थांबवले. एकदा सुरू झालेली निर्मिती एकट्या एचसीजीवर बराच काळ टिकते, संख्या घटते पण बहुधा शून्य होत नाही. लवकरच दुसरे मूल हवे असेल तर हाच मार्ग सोयीचा. नको असेल तर पुन्हा टेस्टोस्टेरॉनवर जायचे. ते कायमचे बंद करून चालत नाही. हाडे, रक्त, स्नायू, मन सगळ्यांना ते लागते. पुढे पुन्हा एचसीजी-एचएमजी सुरू केल्यास वृषण आता मोठे असल्याने प्रतिसाद सहसा लवकर येतो. आणखी एक: या आजाराच्या दहा-वीस टक्के पुरुषांत ही साखळी कधीतरी आपोआप जागी होते. म्हणून काही वर्षांनी औषध थांबवून एकदा आकडे तपासावेत, आणि टेस्टोस्टेरॉनवर असताना वृषण वाढू लागले तर लगेच.

जनुकतपासणीत एएनओएस1 मध्ये दोष सापडला. त्याचा हिशेब सोपा आहे. रुग्णाला मुलगा झाला तर त्याला बापाचे वाय मिळते, आजार मिळत नाही. मुलगी झाली तर ती नक्की वाहक, स्वतः बहुधा निरोगी, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला आजाराची निम्मी शक्यता. खरी तातडी रुग्णाच्या बहिणीकडे आहे. मामावरून आई वाहक असल्याचे दिसतेच, तेव्हा बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तिला तेरा वर्षांचा मुलगा आहे. त्याची वासाची तपासणी, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि मण्यांच्या माळेने मोजमाप आत्ताच करावे. चौदा पूर्ण होईपर्यंत वृषण 4 मिलिवर गेले नाहीत तर ‘उशिरा येईल वयात’ म्हणून थांबू नये. त्याला निव्वळ टेस्टोस्टेरॉनवर घालण्याआधी एफएसएच आणि एचसीजीने वयात आणण्याचा पर्याय घरच्यांसमोर ठेवावा, कारण त्याच्या सर्टोली पेशींची संख्या अजून ठरायची आहे.